भोपळा

ही घटना घडलेली आहे. मशीनमधल्या रेघा मी स्वतः पाहिल्यात, म्हणून लिहितेय.

रात्र नव्हती. शनिवारची दुपार, अडीच वाजले होते.

माझी मावसबहीण मेंदूच्या एमआरआय मशीनवर काम करते. रोज सकाळी पेशंट येण्याआधी मशीनमध्ये पाण्याने भरलेला एक गोळा ठेवून तपासणी होते. पाण्यात ना रक्त, ना विचार. मेंदूची हालचाल दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाटच यायला हवी. दिसायला गोल, निकालही शून्य, म्हणून सगळे त्याला ‘भोपळा’ म्हणतात.

त्या शनिवारी आत तिचा धाकटा भाऊ होता.

दोन वर्षं त्याला हाका ऐकू येत होत्या. निवांत बसला की तीन हाका. मग शांतता. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या गोळ्यांना तो हात लावत नसे. “हाक बाहेरून कोणीतरी मारतंय, गोळ्या मी का खाऊ?”

“आठ मिनिटं काहीही करायचं नाही,” ती माइकवर म्हणाली. “नुसतं पडून राहायचं.”

“त्यात मी पटाईत आहे, ताई. बाबांना विचार!”

ती हसली. माइक बंद केला.

स्वस्थ पडलेला मेंदूही गप्प नसतो, हे तिला माहीत होतं. तरी...

मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाची रेघ वर गेली.

एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा.

मग सपाट.

“बघ,” तिने त्याला पडद्यासमोर बसवलं. “हाक तुझ्या आतच तयार होते. बाहेर कोणी नाही.”

त्याने पडद्यावरचे तीन उंचवटे बोटाने मोजले. “मग घेतो गोळ्या.”

दारात मात्र थांबला.

“आज मला नव्हतं गं बोलावत. ‘ताई’ म्हणत होतं.”

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. “शनिवारपासून एक हाक नाही, ताई!”

दोन दिवसांत गोळ्या लागू पडत नाहीत. पण तिला रडूच आलं. फोन बाहेर ठेवून तिने भोपळा आत सरकवला.

खोली रिकामी. माइक बंद.

रेघ हलली...

एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा.

“मशीन ठणठणीत आहे, मॅडम,” इंजिनिअर म्हणाला.

भावाला तिने अजून सांगितलेलं नाही. कळलं तर गोळ्या सुटतील.

परवा तिच्याकडे गेले होते. पुसलेली भांडीच ती पुन्हा पुसत होती.

“अगं, जरा टेक ना,” मी म्हटलं.

“नको. नुसतं पडलं की...”

ती थांबली. मान वळवून मागे पाहिलं.

“तू काही म्हणालीस का?”