मडगार्डवरची टकटक

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी मात्र चर्चमध्ये शपथेवर हेच सांगेन.

१९८७ चा ऑक्टोबर. गाव विलायतेतलं, मॅल्व्हर्नच्या डोंगराखालचं. गुरुवारची संध्याकाळ, बाहेर धुकं.

माझा थोरला भाऊ क्लिफर्ड फेब्रुवारीत गेला. घशाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर त्याचा आवाज कायमचा बंद झाला होता. तरी त्याची ती हिरवी, दोन सीटांची जुनी गाडी आम्ही दोघं मिळूनच दुरुस्त करायचो. तो बॉनेटखाली, मी स्टिअरिंगवर. बॉनेट उघडलं की समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून तो पान्याने मडगार्डवर वाजवायचा.

दोनदा टकटक म्हणजे सेल्फ मार. एकदा म्हणजे थांब.

लेकीला, हेझलला, त्याने शब्द दिला होता... लग्नाला याच गाडीतून नेईन.

लग्न शनिवारी होतं आणि गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. मी करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट नवे टाकले, कॉइल बदलली, वायरी तपासल्या. प्लगला करंटच येईना.

"अंकल, तुमच्याच्याने नाही व्हायचं," हेझल गॅरेजच्या दारातून म्हणाली. "डॅडने तुम्हाला नुसता टॉर्च धरायला ठेवलं होतं."

"मग सांग टॅक्सी."

"टॅक्सीने नाही जाणार. चालत जाईन, पण टॅक्सीने नाही."

ती केक आणायला निघून गेली.

बॉनेट उघडंच ठेवून मी गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खरं सांगतो, मला रडू आलं.

तेवढ्यात...

टक. टक.

वाटलं, हेझल परत आली. मी सेल्फ मारला. इंजिन नुसतंच फिरलं.

टक.

मी थांबलो. बॉनेटपलीकडे डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाची क्लिप उघडल्याचा आवाज आला. मग दुसरी.

"हेझल, हात घालू नकोस. शॉक बसेल."



नुसतं खुडबुडणं... आणि हळूच नाक ओढल्याचा आवाज. क्लिफर्डला तशी सवय होती.

क्लिपा पुन्हा बसल्या.

टक. टक.

मी सेल्फ मारला.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

आणि त्याच क्षणी बाजूच्या दारातून हेझल आत आली. हातात केकचा खोका. कोट धुक्याने ओला.

ती बॉनेटच्या पुढच्या बाजूला बघत राहिली.

तिने खोका सावकाश जमिनीवर ठेवला. काहीतरी बोलली. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग तिने ओंजळीत तोंड लपवलं.

मी उतरलो. पुढे कुणीच नव्हतं.

इंजिन बंद करून मी टोपण उघडलं. पॉइंटवरचा छोटा फायबरचा वॉशर मी तारेच्या चुकीच्या बाजूला बसवला होता. त्यामुळे सगळा करंट गाडीच्या बॉडीत उतरत होता. आता तो बरोबर बसलेला होता.

"काय बघितलंस?" मी विचारलं.

"आत्ता नको, अंकल."

शनिवारी मीच तिला गाडीतून घेऊन निघालो. वाटेत ती आपणहून बोलली.

"मी विचारलं, डॅड, शनिवारी येशील ना? त्याने मान हलवली. नाही, अशी."

मला पुढचं दिसेना. मी वेग कमी केला.

"मग त्याने तुमच्याकडे बोट केलं."

चर्चमध्ये बापाच्या जागी तिचा हात धरून मीच तिला आत नेलं.

आता माझं वय झालं. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. क्लिफर्ड माझ्यापासून चार हातांवर उभा होता, मध्ये फक्त ते बॉनेट. लेकीला दिसला. मला का नाही दिसला?

अजून कधीकधी मी त्या हिरव्या गाडीचं बॉनेट उघडून आत जाऊन बसतो. हात किल्लीवर ठेवतो.

काहीच वाजत नाही.