आत्याच्या विमानाचा डावा पंख

"गेलं! पुन्हा झुडपात गेलं!" ढब्बूने कपाळावर हात मारला.

थर्मोकोलच्या विमानाने हवेत एक गिरकी घेतली आणि ते थेट हँगरमागच्या काट्यांत जाऊन अडकलं. टिटवी ते सोडवून घेऊन येते तोवर तिचा आतेभाऊ, म्हणजे दादा, भाषण द्यायला तयारच होता.

"अगं, विमान डावीकडे वळवायचं तर डाव्या पंखाच्या मागच्या कडेची झडप वर करायची आणि उजव्या पंखाची खाली. एलेरॉन म्हणतात त्यांना. तू नेमकं उलटं केलंस!"

"मला वाटलं, हाच डावा!"

"समोरून बघितल्यावर तसंच वाटणार! विमानाच्या मागे उभी राहा. ते बघतंय तिकडेच तूही बघ. मग तुझा डावा तोच त्याचा डावा!"

टिटवीचं डावं-उजवं हा घरातला चेष्टेचा विषय होता. तिने दाखवलेल्या वाटेने निघालेले पाहुणे अजून पोचायचे आहेत, असं बाबा म्हणत. म्हणून तर ती डाव्या मनगटावर घड्याळ बांधायची आणि अडचण आली की हळूच त्याच्याकडे बघून घ्यायची.

सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू आत्याकडे राहायला आले होते. आत्या विमान चालवायला शिकवायची. तिच्या छोट्या विमानाचे एलेरॉन हलवणाऱ्या केबल नुकत्याच बदलल्या होत्या, आणि आज आत्या एकटीच ते वर नेऊन बघणार होती.

मुलं विमानाच्या मागे, जुन्या टायरांवर येऊन बसली. ढब्बूने बिस्किटांचा पुडा फोडला. आत्या कॉकपिटमध्ये चढली होती आणि मेकॅनिककाका विमानाच्या नाकासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मॅडम, स्टिक डावीकडे!" काका ओरडले.

आत्याने स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, डावीकडे ढकलली.

"डावा वर! झकास! स्टिक उजवीकडे! उजवा वर! आटोपलं!"

टिटवीने घड्याळाकडे बघितलं, मग पंखाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. काका 'डावा वर' म्हणाले तेव्हा घड्याळाच्या बाजूची झडप तर खाली गेली होती!

"दादा, उलटं आहे! एलेरॉन उलटे हलतायत!"

"तुझं नेहमीचंच!" दादा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

ती धावत काकांकडे गेली. "काका, डावा पंख..."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हेच करतोय! पळ, बाजूला हो!"

"टिटवी, लांब राहा!" कानांवर हेडफोन चढवत आत्या म्हणाली. "वारा वाढायच्या आत मला परत यायचंय."

टिटवीने मनातल्या मनात विमान उडवून बघितलं. समजा, जमिनीवरून सुटताच वाऱ्याने ते जरा उजवीकडे कलंडलं. आत्या सावरायला स्टिक डावीकडे नेणार, आणि ते आणखीच उजवीकडे कलंडणार! उंची नाही, वेळ नाही... पुढचा विचारच तिला करवेना. पण तिचं ऐकणार कोण? डावं-उजवं न कळणारी मुलगी!

मग काकांना स्वतःच्याच डोळ्यांनी बघू दे!

"आत्याऽऽ! एक फोटो!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "आजीला पाठवायचाय! काका, तुम्हीपण या ना! तुमच्याशिवाय काय मजा!"

फोटो म्हटलं की काका विरघळायचे. त्यांनी खिशातला कंगवा काढलासुद्धा!

"समोर नको, इथे शेपटीपाशी उभे राहा. पाठमोरे! डाव्या हाताने डाव्या पंखाकडे बोट दाखवा, अगदी हिरोसारखे! आत्या, स्टिक डावीकडे धर, एलेरॉन वर आलेला दिसू दे!"

"काय बाई हौस या पोरीची!" म्हणत आत्याने स्टिक डावीकडे नेली.

काकांनी ऐटीत डावा हात लांब केला. त्यांच्या बोटासमोरची झडप हळूच खाली गेली.

काकांचा हात तसाच राहिला. कंगवा खाली पडला.

"मॅडम... स्टिक उजवीकडे करा."

झडप वर आली.

"उतरा! मॅडम, आधी खाली उतरा!" काकांचा आवाज फाटला. "केबल उलट्या जोडल्या मी! आणि समोर उभा राहून माझ्या डाव्या हाताकडचा पंख तोच डावा धरला! त्यामुळे सगळं बरोबरच वाटलं!"

आत्या खाली उतरली आणि सरळ टायरावर बसली. "स्टिक मोकळी फिरतेय, एवढंच बघितलं मी," ती पुटपुटली. "नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं!" तिने टिटवीला घट्ट जवळ ओढलं. टिटवीला एकदम रडूच फुटलं. आत्या इथे होती, जमिनीवर होती, तिला धरून होती! ढब्बूने काय करावं ते न सुचून उरलेली बिस्किटं आत्याच्या हातात कोंबली.

दादा कान धरून समोर उभा राहिला. "चुकलं माझं. मी साधं बघितलंही नाही."

त्या दिवशी विमान उडालं नाही. काकांनी केबल नीट जोडल्या आणि तपासायला मुद्दाम दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. "आता इथे विमान तपासायचं ते मागे उभं राहूनच!" त्यांनी सगळ्यांना बजावलं, आणि टिटवीला कडक सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी आत्याने स्टिक हलवली ती दोन्हीकडे मान वळवून, पंख नीट निरखत. विमान धावपट्टीवरून सुटलं, वर चढलं आणि डौलात डावीकडे झुकलं. टिटवीने घड्याळाकडे बघितलं. खरंच डावीकडे! तिचा श्वास आत्ता कुठे मोकळा झाला.

आत्या उतरून आली तेव्हा सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

"शाब्बास गं पोरी!" आत्या म्हणाली. "काल मी तुला लांब राहा म्हटलं. तू खरंच गप्प बसली असतीस तर?"

"मी?" टिटवीने डोळे विस्फारले. "मी कधी गप्प बसलेय?"

सगळ्यांच्या आधी आत्याच हसायला लागली, डोळे पुसत पुसत.