वाकड्या दस्त्याची बंदूक

सोनाली खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. ओढणीच्या टोकाला तिनं इतक्या गाठी मारल्या होत्या की आता मारायला टोकच उरलं नव्हतं.

"मॅडम, बापूसाहेबांनी संध्याकाळी सहापर्यंतची मुदत दिलीय. तोवर बंदूक परत आली नाही, तर माझ्या भावाच्या नावानं तक्रार देणार म्हणालेत."

राजेश्वरी हत्तुरे पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायची. खोटं बोलणारे तिथं इतके भेटले की शेवटी तिनं स्वतःचंच तपासाचं ऑफिस काढलं. आलेल्या माणसाचा ती आधी चेहरा बघे, मग चप्पल. चेहरा उसना आणता येतो, चप्पल नाही. सोनालीच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"भाऊ काय करतो?"

"बिरदेव. पोलीस भरतीत निवड झालीय त्याची. फक्त चारित्र्य पडताळणी राहिलीय. आता गुन्हा दाखल झाला तर..."

"फाईल बाजूला पडती," दाराशेजारी बशीतून चहा पिणारे जोतीराम मामा म्हणाले. पोलीस गाडीवर चालक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतरही अवजड वाहनाचा परवाना खिशात, आणि नशिबी मात्र राजेश्वरीच्या स्कूटीची मागची सीट.

"मामा, घाबरलेल्याला आणखी घाबरवू नका. बंदूक कसली ग?"

"छऱ्याची. एअरगन. तीही सगळ्यांत कुरूप! तिला कालच बक्षीस मिळालं त्याचं."

प्रकार असा होता. बापूसाहेब मूळचे माळशिरसचे, उसावर पोसलेले. त्यांना एअरगन जमवायचा नाद होता. वर्षातून एका रविवारी त्यांच्या जुळे सोलापुरातल्या घरी नादिष्ट मित्र जमत. प्रत्येकानं आपली सगळ्यांत बेढब बंदूक आणायची, सगळ्यांनी ती खांद्याला लावून बघायची, मनसोक्त नावं ठेवायची. जी जिंकेल तिच्या मालकाला चादर. काल बापूसाहेब जिंकले, आणि संध्याकाळी बघतात तर बंदूक गायब.

*

बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात भिंतभर बंदुका होत्या. मधोमध दोन तिरपे खिळे रिकामे. शेजारीच चकचकीत जर्मन बंदूक जागच्या जागी.

"ह्या जर्मनला लाखाचं गिऱ्हाईक हाय," बापूसाहेब म्हणाले. "तिला हात न्हाय लावला, आन् माझी वाकडी न्हेली!"

कोपऱ्यात बिरदेव उभा होता. भरतीच्या मैदानावर उभं राहतात तसा, छाती पुढे. डोळे मात्र जमिनीवर.

"काल कोण कोण होतं?" राजेश्वरीनं विचारलं.

"बाकीची जेवून गेली. मागं ऱ्हायलं हे पोरगं, चादरवाला शिवकुमार आन् शाळेची बस चालवणारा सिद्धाराम. मी दुपारी जरा आडवा झालो, उठलो तर ही निघायच्या गडबडीत. पोरगं पयलं गेलं, पाठीवर लांब पिशवी हुती. मग शिवकुमार स्कूटरवरनं गेला, हात मोकळेच. सिद्धारामनं खुर्च्या आणल्या हुत्या शाळेतनं, त्या बसमध्ये भरून त्यो गेला. आता तुमीच सांगा."

"सांगते. आधी तुम्ही सांगा, ती बंदूक कुरूप कशी?"

जोतीराम मामांनी कपाळाला हात लावला. कोण कुठं होतं ते विचारायचं सोडून ही बाई काय विचारतेय!

बापूसाहेबांची मात्र कळी खुलली. "अवो, दुधनीच्या बाजारात भंगारात गावली. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता बदकाच्या मानंवानी उजवीकडं वळलेला. पावसात फुगून वाकला असंल. कोपऱ्यात उभी ऱ्हात न्हाय, पेटीत मावत न्हाय, एकबी पिशवी बसत न्हाय तिला. खांद्याला लावली की नळी नाकाच्या पलीकडं जाती! चांगल्या बंदुका काय, पैसा फेकला की येत्यात. असली हाय का कुणाकडं?"

"आणि तू काय म्हणालास रे?" राजेश्वरी बिरदेवकडे वळली.

"मला माशीच दिसली नाही, मॅडम." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा, ज्यावर डोळा लावून नेम धरायचा. "मान मोडली असती तिच्यापायी."

राजेश्वरीनं त्याची पिशवी मागवली. अरुंद, सरळसोट. आत त्याची स्वतःची बंदूक चपखल बसली होती. राजेश्वरीनं पिशवीवरून एकदाच हात फिरवला आणि परत दिली. सोनाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

*

चाटी गल्लीत शिवकुमार चादरींच्या थप्प्यांमागे फक्त मिशीपुरता दिसत होता.

"बसा की ताई. बंदुकीला चेहरा नसंल तरी चालतंय, वागणूक पायजे. माझी बघा, सायकलच्या पंपाला घोडा लावल्यागत दिसती. पण नेम धरता येतो! बापूसाहेबांची खांद्याला लावली, तर मला माशी न्हाय, बापूसाहेबांचा कान दिसला."

"चोरीबद्दल काय वाटतं?"

"त्या बंदुकीची चोरी? ताई, ती फुकट देतो म्हणाले तरी मी स्कूटर सुरू करून पळलो असतो."

जोतीराम मामा पोट धरून हसले. राजेश्वरी हसली नाही. दुकानातल्या घड्याळात एक वाजला होता, आणि सोनालीचा तिसरा फोन येऊन गेला होता.

*

सिद्धाराम शाळेच्या फाटकाबाहेर बसजवळच सापडला. कुंभारीचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला मऊ. बसच्या उजव्या अंगाला पिवळा रंग चांगला हातभर खरवडला होता.

"खांब लागला जणू," जोतीराम मामा जुन्या चालकाच्या नजरेनं म्हणाले.

"फाटक अरुंद केलंय ओ यांनी."

मामांनी फाटकाकडे बघितलं. त्यातून त्यांची जुनी गाडी डुलत गेली असती.

चहावाल्यानं कट्ट्यावर सिद्धारामच्या उजव्या हाताशी पेला ठेवला. सिद्धारामचा हात त्याला लागला आणि चहा सांडला. तो ओशाळून हसला. उजवीकडे उभ्या असलेल्या राजेश्वरीशी बोलायला त्यानं अख्खी मान वळवली.

"पोरगं गरीब हाय ओ. त्याला सोडवा."

"सोडवायलाच निघालेय. ती बंदूक सांगा. एवढी का कुरूप?"

"आता... लोकं लई नावं ठेवत्यात. तेवढी वाईट न्हाय ती. गाल टेकवला की नळीवरच्या मागच्या खाचंत माशी अर्धीच येती, ती खाच तेवढी घासाय पायजे. बाकी..." तो थांबला. सांडलेला चहा फडक्यानं पुसू लागला.

राजेश्वरी खरवडलेल्या पत्र्याजवळ गेली. मग खिडकीतून आतल्या छोट्या छोट्या सीटा बघत राहिली. एका सीटवर कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती.

"शाळा किती वाजता सुटते?"

"पाचला."

स्कूटीला किल्ली लावता लावता तिनं घड्याळ बघितलं. "मामा, सगळ्यांना चार वाजता बापूसाहेबांकडे बोलवा. सिद्धाराम आलाच पाहिजे."

"घाई कशापायी? मुदत सहाची हाय की."

"माझी पाचची आहे."

*

चारला सगळे जमले. सोनाली भावाला चिकटून उभी होती. बापूसाहेबांच्या मांडीवर तक्रारीचा कागद तयार होता.

"बिरदेवनं बंदूक नेलेली नाही," राजेश्वरी म्हणाली. "बापूसाहेब, हे तुम्हीच सांगितलंत मला. तिला एकही पिशवी बसत नाही. याची पिशवी अरुंद आहे आणि याच्या स्वतःच्या बंदुकीनं भरलेली आहे. तुमचं बदक त्यात शिरेल का?"

बापूसाहेबांनी त्या रिकाम्या तिरप्या खिळ्यांकडे बघितलं.

"शिवकुमार मोकळ्या हातांनी स्कूटरवरून गेले. मोठं वाहन एकच होतं, आणि त्यात खुर्च्या भरल्या जात होत्या. खुर्च्यांच्या ढिगात काय सरळ, काय वाकडं? पण चोर विकणारा असता, तर त्यानं जर्मन नेली असती. म्हणजे ज्यानं नेली त्याला हीच हवी होती. मला प्रश्न पडला, जिला सगळे नावं ठेवतात, ती कुणाला चांगली वाटेल?"

बिरदेवनं पहिल्यांदाच जमिनीवरचे डोळे वर उचलले.

"म्हणून मी चोरी सोडून कुरूपपण विचारत फिरले. तुम्हा तिघांनाही माशी दिसली नाही. सिद्धाराम म्हणाले, गाल टेकवला की ती खाचेत अर्धीच येते. ज्याला खाचेतून माशी दिसली, त्याच्याच डोळ्यासमोर नळी आली. तो दस्ता पावसानं वाकलेला नाही, बापूसाहेब. कुण्या कारागिरानं तो मुद्दाम वळवलाय. बंदूक उजव्या खांद्यालाच लावायची सवय, पण उजवा डोळा गेलेला. अशा कुणा माणसासाठी. गाल टेकवला की नळी थेट डाव्या डोळ्यासमोर."

जोतीराम मामा हळूच म्हणाले, "उजवीकडचा चहा. उजवीकडचा पत्रा."

सिद्धारामनं मान खाली घातली आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवला. "साखरेनं न्हेला डोळा. गेल्या दिवाळीपासनं. घरात बी कुणाला ठाव न्हाय. काल सगळी हसत हुती म्हणून मी बी हसायला म्हणून उचलली... आन् समोर माशी! वर्षानं दिसली ओ."

"मागितली असती तर दिली असती की मर्दा!" बापूसाहेब ओरडले.

"दिली असती. पण 'तुला कशाला रं?' असं बी विचारलं असतं."

सोनाली पुढे आली. "माझा भाऊ कालपासून जेवला नाही, काका. तुम्ही जेवलात का?"

"न्हाय, पोरी." त्यानं मान वर केली नाही. "भाईर बस उभी हाय, तिच्या मागच्या सीटखाली हाय. आज परत ठेवणार हुतो, पण पाय उचलंना."

बापूसाहेबांनी तक्रारीचा कागद उभा फाडला, मग आडवा. बिरदेवच्या छातीतला श्वास खाली आला, आणि तेव्हा कुठं कळलं की तो सकाळपासून अडकून होता.

सोनाली रडत हसली. शिवकुमारनं चहा मागवायला सांगितलं. राजेश्वरी मात्र घड्याळाकडे बघत होती.

"सिद्धाराम, बंदुकीचं झालं. बसचं काय?"

हसू जागच्या जागी विझलं.

"बस माझीच हाय, बाई, तिचे हप्ते फिटायचे हायत. पोरगी शिकतीय."

"बसमध्ये किती जणांच्या पोरी बसतात?"

खिशातून किल्ली काढून त्यानं टेबलावर ठेवली, आणि तरी बोट तिच्यावरून उचललं नाही.

"पाचला पोरं फाटकात येऊन उभी राहतील. माझीच वाट बघत्यात."

"बस राहील, माणूस बदलेल," राजेश्वरी म्हणाली. "भाड्यानं चालक ठेवा, शाळेशी मी बोलते. मामा, परवाना खिशात आहे ना?"

जोतीराम मामांनी छातीचा खिसा चाचपला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झाली. "हाय की. पण मला घरं न्हाय ठाव पोरांची."

सिद्धारामचं बोट किल्लीवरून उठलं. "मला ठाव हायत. मी बसतो शेजारी."

पावणेपाचला बस निघाली. बापूसाहेबांची वाकडी बंदूक पुन्हा तिच्या तिरप्या खिळ्यांवर होती. दर रविवारी सिद्धारामनं येऊन ती खांद्याला लावून नेम धरायचा, असा हुकूम सुटला होता.

फाटकापाशी मामांनी वेग कमी केला. शेजारी बसलेला सिद्धाराम सवयीनं पुढे झुकला.

"उजव्या अंगाला सांभाळा, मामा. तिकडं खांब..."

मामांनी उजवीकडे बघितलं. खांब चांगला चार हात लांब होता.

"दिसतोय मला," ते हळू आवाजात म्हणाले, आणि बस आत घेतली.