पिवळ्या मुठीचा चाकू

आजोबांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चार ओळींचं होतं आणि अवघ्या दोन गल्ल्या पलीकडून टपालाने आलं होतं. चालत गेलं तर सात मिनिटं! आजोबांनी ते वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि ठरवलं, उद्या उत्तर लिहू. त्या 'उद्या'ला आता साडेतीन महिने झाले होते.

सुट्टीला आलेल्या तिघा नातवंडांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आली तीच मुळी आरडाओरडा करत.

"आज पेटी! आज पेटी!" नऊ वर्षांची टिकली जिन्यातूनच ओरडली.

"आधी चप्पल काढ," तिची मोठी बहीण म्हणाली. तिला सगळेच ताई म्हणत. ती तेरा वर्षांची होती आणि वागायची तीस वर्षांच्या बाईसारखी.

तिसरा त्यांचा मावसभाऊ, पंडित. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारा, म्हणून पंडित.

पेटी म्हणजे आजोबांची चाकूंची पेटी. आजोबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लाल पेन्सिलीने चुका काढायच्या, तर पेन्सिलीला टोक हवं आणि टोकासाठी चाकू. खिशात मावेल असा, मिटणारा. एकाचे दोन झाले, दोनाचे चार आणि आता हिरव्या कापडावर एक्केचाळीस चाकू ओळीने झोपलेले असत. शिंगाच्या मुठीचे, लाकडी, पितळी, एक तर बोटभर माशाच्या आकाराचा! या सुट्टीत तिघांना एकेक चाकू मिळणार होता. पहिला चाकू. तिघांचा संग्रह त्यापासून सुरू होणार होता.

"पहिला चाकू दिसायला भारी नको," आजोबा पेटी मांडीवर घेत म्हणाले. "रोज हातात येईल असा हवा. वापरला की पुसायचा. सांध्यात तेलाचा एक थेंब. किती?"

"एक!" तिघं ओरडली.

"आणि चामड्याच्या पाकिटात घालून ठेवून द्यायचा नाही. का? तर चामडं ओल धरतं. आणि मिटताना—"

"पात्याच्या वाटेत बोट नाही!"

आजोबांनी झाकण उघडलं. उघडताना त्यांचा हात जरा कचरला, हे फक्त ताईच्या लक्षात आलं.

आतून एक आंबूस, कापरासारखा वास आला. 

चाकू गंजले होते. नुसते डाग नव्हते, खपल्या धरल्या होत्या. आजोबांनी मधला एक उचलला आणि नखाने पातं ओढून पाहिलं. ते अर्ध्यावर अडकलं. त्यांनी ते हळूच परत मिटवलं. "वाटेत बोट नाही हां," ते सवयीने म्हणाले. 

"बघा! मी तेव्हाच सांगितलं होतं!" दारातून मामा म्हणाला. त्याचा एक हात फोनवर होता. "पाच महिन्यांपूर्वी अख्खी पेटी त्या धारवाल्याकडे साफ करायला दिली. महिन्याभरात डाग! कसलं तेल चोपडलं कोण जाणे. मी दुकानात जाऊन चारचौघांत सुनावलं त्याला."

"धारवाले आजोबा?" ताईने विचारलं. "ते तर तुमचे मित्र ना, आजोबा?"

"होता," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसत आत गेले. बराच वेळ पुसत राहिले.

दुपारी तिघं पेटीभोवती बसली. पंडितने वहीत चौकट काढली आणि तिच्यात एक्केचाळीस रेघा मारल्या. जास्त गंजलेल्या चाकूवर तीन फुल्या, कमी गंजलेल्यावर एक.

"हे काय, फुली-गोळा?" टिकली म्हणाली.

"गप गं! बघ. कडेच्या चाकूंवर एकही फुली नाही. मधोमध मात्र तीन-तीन. तेल वाईट असतं तर सगळेच सारखे गंजले नसते?"

"आणि फुल्यांच्या मधोमध कोण आहे?" ताई वाकली.

मधोमध पिवळा चाकू होता. त्याची मूठ मधाच्या रंगाची, आरपार उजेड दिसेल अशी. आता ती काळवंडली होती आणि तिच्यावर भेगांचं जाळं पसरलं होतं. टिकलीने वास घेतला आणि नाक दाबलं. "ईऽऽ! वास याचाच आहे!"

"म्हणजे गुन्हेगार पेटीतच!" पंडितचे डोळे चमकले.

"पुराव्याशिवाय बोलायचं नाही," ताई म्हणाली. "तसं एकाने आधीच बोलून ठेवलंय."

त्यांनी लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या धुऊन कोरड्या केल्या. पहिलीत पिवळा चाकू आणि एक कोरी सुई. दुसरीत धारवाल्यांच्या तेलात बुडवलेली सुई. त्यांनी दिलेली बाटली अजून फडताळात होती. तिसरीत नुसती सुई. घट्ट झाकणं लावून बरण्या कपाटात गेल्या. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, अशी शपथ झाली. टिकलीने ती चार वेळा मोडली, पण फक्त बघण्यापुरती.

आठव्या दिवशी तिन्ही सुया पांढऱ्या कागदावर ठेवल्या. नुसती सुई चकचकीत होती. तेलातली तर त्याहून लखलखीत! पिवळ्याजवळची मात्र तपकिरी पडली होती, आणि पंडितने दाबताच मोडली.

त्यांनी आजोबांना हाक मारली. आजोबांनी एकेक सुई डोळ्यांजवळ नेली.

"म्हणजे त्याचं तेल..."

"चांगलं होतं, आजोबा," ताई म्हणाली.

आजोबा खुर्ची न बघताच बसले. नशीब, खुर्ची तिथे होती.

"हा चाकू त्यानेच दिलेला," पिवळा चाकू उचलून ते म्हणाले. "छापखान्यातला माझा पहिला दिवस. तो कागद कापायच्या यंत्राचं पातं धार लावून घेऊन आला होता. मी दातांनी पेन्सिलीला टोक करतोय हे पाहिलं आणि खिशातला चाकू काढून दिला. परत घेतलाच नाही. संग्रहातला पहिला हाच."

"मग?"

"मग पाच महिन्यांपूर्वी पेटी साफ होऊन आली, तेव्हा हा पेटीत नव्हता. वेगळ्या कागदात गुंडाळून वर ठेवला होता. मला वाटलं, त्याने आपली भेट बाजूला काढली. काहीतरी बिनसलं असणार. विचारायचं धाडस झालं नाही. मीच तो पुन्हा पेटीत ठेवला. मधोमध, त्याच्या मानाच्या जागी."

त्यांनी शब्दकोश उघडून पत्र ताईच्या हातात दिलं. ताईने मोठ्याने वाचलं.

"'पेटीचं कळलं. तुझा मुलगा दुकानात येऊन बोलून गेला. तो म्हणाला तेच तू म्हणतोस का, एवढंच कळव. तू म्हणत असशील तर मी मान्य करीन.'"

"आणि तुम्ही उत्तरच दिलं नाही?" टिकलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आजोबांनी खण ओढला. आत उत्तराचे अकरा कागद होते. प्रत्येकावर लाल पेन्सिलीच्या काटछाटी, समासात खुणा. अकराव्यावर तर फक्त 'प्रिय' एवढाच शब्द उरला होता, आणि तोही खोडलेला.

"चला!" पंडित उठला. "सात मिनिटांवर तर आहे. तोंडानेच सांगू!"

आजोबा साडेतीन महिन्यांत त्या गल्लीत गेले नव्हते. भाजीलासुद्धा लांबून वळसा घालत. आज तिघांनी त्यांना मधे घेतलं. टिकलीने उजवा हात धरला होता. 

दुकान बंद होतं. साखळीला कुलूप, कुलपावर कोळिष्टक. फळीवर चाकाच्या ठिणग्यांनी पडलेले काळे ठिपके तेवढे दिसत होते.

शेजारच्या दुकानातून शिंपीकाका मशीन थांबवून बाहेर आले. "आलात?" ते म्हणाले. "फार उशीर केलात हो."

आजोबांनी भिंतीला हात लावला.

"नाही नाही, तसं नाही! आहे तो," शिंपीकाका घाईने म्हणाले. "मुलीकडे गेला. तुमचे चिरंजीव बोलून गेले ना, त्यानंतर महिनाभर दुकान उघडायचा आणि नुसता बसायचा. मग चाक विकलं. म्हणाला, ज्याच्यासाठी हात चालवला त्यालाच हाताचा भरवसा नाही, मग गिऱ्हाइकाला कसा असेल?"

"पण चूक त्यांची नव्हतीच!" टिकली ओरडली आणि सगळी हकीकत तिने एका दमात सांगून टाकली. बरण्या, सुया, वास, सगळं.

"मला ठाऊक आहे," शिंपीकाका म्हणाले. "असल्याच मधासारख्या जुन्या बटणांनी माझ्या डब्यातल्या सुया खाल्ल्या होत्या. त्यानेच ओळखलं. म्हणाला, हे सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक. म्हातारं झालं की आंबतं. कोंडून ठेवलं की शेजाऱ्यांना खातं. मोकळ्यावर, एकटं ठेवायचं. तुमची पेटी परत दिली तेव्हा त्याने हेच बजावलं होतं. इथे, माझ्या समोर! 'पिवळा आत ठेवू नका म्हणावं.'"

"कुणाला बजावलं?" आजोबांनी विचारलं.

शिंपीकाकांनी तिघा मुलांकडे पाहिलं आणि टेपशी चाळा करत म्हणाले, "न्यायला आले होते त्यांना. फोन चालू होता त्यांचा. हो हो म्हणाले आणि गेले. आणि पुन्हा आले ते भांडायलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!"

"त्यांना फोन लावूया ना, आत्ताच!" पंडित म्हणाला.

"फोनवर त्याला ऐकू येत नाही रे. मुलगीच मला कळवते. रोज टपालाच्या वेळेला दारात येऊन विचारायचा म्हणे, पत्र आलं का?" शिंपीकाका थांबले. "आताशा विचारत नाही."

त्यांनी बिलाच्या मागे मुलीचा पत्ता लिहून दिला. 

संध्याकाळी मामाला विचारलं, तर त्याने कानावर हात ठेवले. "मला? काहीही सांगितलं नव्हतं त्याने! सांगितलं असतं तर मी विसरेन का? मी काय लहान आहे?"

ताईने पंडितकडे पाहिलं. पंडितने टिकलीकडे. टिकली स्वयंपाकघरात गेली.

पाच मिनिटांनी मामाचा फोन वाजला आणि तो नेहमीसारखा खोलीत येरझारा घालू लागला. टिकली चहाचा कप घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामा, यात मी दोन चमचे मीठ घातलंय. पिऊ नकोस हं!"

"हो हो," मामा म्हणाला.

"मामा, खरंच पिऊ नकोस! मीठ आहे!"

"हो गं, कळलं," मामा म्हणाला आणि त्याने मोठा घोट घेतला.

चहाचा फवारा थेट खिडकीपर्यंत गेला! पंडित हसून हसून जमिनीवर बसला. "कार्टे!" मामा खोकत ओरडला. "सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं," ताई म्हणाली. ती मात्र हसत नव्हती. "तू दोनदा 'हो' म्हणालास."

 मामाने दारात उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पिवळ्या चाकूकडे. फोनमधून कुणीतरी अजून हॅलो, हॅलो करत होतं.

"पिवळा..." मामा हळूच म्हणाला. "पिवळ्याचं काहीतरी म्हणाले होते खरं." त्याने फोन बंद केला. "बाबा, मी त्यांना सगळ्यांदेखत वाटेल ते बोललो हो."

"तू बोललास," आजोबा म्हणाले, "आणि मी गप्प बसलो. त्याला जास्त काय लागलं असेल, ते मला ठाऊक आहे."

त्या रात्री आजोबांनी बारावा कागद घेतला. लाल पेन्सिल ताईने आधीच दप्तरात दडवली होती. त्यांनी लिहिलं:

'मी तसं म्हणत नाही. कधी म्हणालो नव्हतो. पण नाही असंही म्हणालो नाही, ही चूक माझी. तुझं तेल चांगलं होतं. पिवळा आता खिडकीत आहे, मोकळ्यावर. त्याची मूठ फार दिवस टिकणार नाही, पण आहे तोवर रोज बघीन.'

खाली मामाने दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्याने कुणाला दाखवलं नाही. पंडितने तीन सुया कागदावर चिकटवून दिल्या, मोडलेलीसुद्धा.

सकाळी आजोबांनी पेटीच्या कडेचे, गंज न लागलेले तीन चाकू काढले. ते पुसले, प्रत्येकाच्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला आणि तिघांच्या हातांवर ठेवले.

"चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या," ते म्हणाले. "तुम्ही आठ दिवसांत माझी शोधलीत. शाबास रे पोरांनो! पण शोधायला मी कुणाला तरी आधीच बोलवायला हवं होतं."

ताईला मान वर करता येईना. पहिला चाकू हातात येईल म्हणून ती वर्षभर दिवस मोजत होती, आणि आता ते कुलूप लागलेलं दुकान आठवलं की तो नुसता जड वाटत होता.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. आजोबांनी पाकीट फटीत घातलं आणि धरून ठेवलं.

"एकदा पुन्हा वाचून बघतो. काहीतरी राहिलं असेल."

"नाही!" तिघं एकदम म्हणाली.

"त्याला आता माझी ओळख तरी हवी असेल का..."

"आजोबा," टिकली म्हणाली, "सोडा ना."

आजोबांनी बोटं उघडली. पत्र गेलं. त्यांचा हात मात्र बराच वेळ त्या फटीतच होता.