भुकेलं पाणी

दर मंगळवारी अकराच्या सुमाराला ती नमुन्यांची पेटी घेऊन त्या वसाहतीत जायची. चार बाटल्या भरायच्या. एक उंच टाकीखालच्या नळाची, तीन घरांतल्या. तिसरं घर तिच्या ताईचं होतं. ते तिनं मुद्दामच निवडलं होतं. नोकरीच्या वेळेत बहिणीची भेट व्हायची, आणि पाणी काय, कुठल्याही घरातलं घेतलं तरी एकच.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिला अठरा वर्षं झाली होती. सहकारी तिला थेंबबाई म्हणत, कारण शेवटचा थेंब पडेपर्यंत ती कोणाशी बोलायची नाही. काम म्हटलं तर सोपं होतं. पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकले की ते डाळिंबी व्हायचं. मग उभ्या काचनळीतून औषध थेंबाथेंबानं सोडायचं, डाळिंबीचा निळा होईपर्यंत. जितकं औषध जास्त लागेल, तितकं पाणी जड.

त्या वसाहतीचं पाणी चारशे ऐंशी भरायचं. अठरा वर्षांत दहा-वीसनं इकडे-तिकडे, बस. किटलीच्या तळाला पांढरा थर, नळाच्या तोंडाला दाढी, आणि साबणाला फेस येईल तर शपथ. ताईच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकटी राहायची. गरुडासारखं नाक, खणखणीत आवाज. ती म्हणायची, "आमच्याकडे पाणी पीत नाहीत, चावून खातात."

एका मंगळवारी टाकीचं पाणी चारशे ऐंशी भरलं आणि ताईच्या नळाचं तीनशे.

आपलाच हात चुकला असं समजून तिनं पुन्हा केलं. तीनशे. पुढच्या आठवड्यात तिन्ही घरं एकशे साठवर आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात रंगाचे दोन थेंब टाकल्याबरोबर पाणी निळंच झालं. डाळिंबी व्हायला त्यात काही उरलंच नव्हतं. टाकीचं मात्र तेच, चारशे ऐंशी.

ताई तर हरखून गेली होती. "अगं, किटली बघ! अकरा वर्षांचा थर, आपोआप निघाला. मी घासलीसुद्धा नाही." तिनं किटली उजेडात धरली. आतून ती दुकानातून आणल्यासारखी लखलखत होती.

"कुठं गेला थर?"

"गेला कुठंतरी. तुला काय करायचंय? चहा घे."

तिनं चहा घेतला नाही. प्लंबरला बोलावून तिनं टाकी आणि घरांच्या मधला एक पाइप कापायला लावला. प्लंबरनं तुकडा डोळ्याला लावला, मग बाहेरून फिरवून पाहिला.

"बाई, हा पाइप मीच बसवलाय, बावीस वर्षांपूर्वी. वरची खूण माझीच आहे. गेल्या वर्षी उघडला तेव्हा आतून करंगळी जात नव्हती, इतका चुना बसला होता."

आता आत नुसता उघडा धातू होता, धुतल्या ताटासारखा.

अगदी हलक्या पाण्याला तिच्या धंद्यातली जुनी माणसं भुकेलं पाणी म्हणत. पाण्याला रिकामं राहवत नाही, जे भेटेल त्यातलं थोडंथोडं ते उचलत जातं. पण उचललेलं पाण्यातच सापडायला हवं. चुना खाल्ला तर चुना दिसायला हवा. तिनं जेवढ्या तपासण्या येत होत्या तेवढ्या सगळ्या करून पाहिल्या. पाण्यात काहीच नव्हतं. ते खात होतं आणि खाल्लेलं कुठंच निघत नव्हतं.

मग एकेक गोष्ट तिच्या नजरेला पडू लागली. ताईच्या कपांवरची निळी वेल फिकट झाली, मग गेली. मोरीतल्या फरशीच्या सांधी रिकाम्या झाल्या. भांडी घासायच्या दगडाच्या कडा गोल झाल्या, जणू तो नदीतून आणला होता. ती वसाहतीत गेली की हातमोजे घालू लागली. ताई हसायची.

एके दिवशी भाऊजी भर दुपारी घरी होते. ते एका कारखान्याच्या कचेरीत हजेरीचं काम बघायचे.

"मशीन माझा अंगठा घेत नाही," ते म्हणाले. "आठ दिवस झाले. सगळ्यांची हजेरी मी तपासायची आणि मशीन मलाच म्हणतं, तुम्ही कोण? साहेब म्हणाले, जरा घरी बसा." आणि स्वतःच्याच विनोदावर ते मोठ्यानं हसले.

तिनं त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. चमच्याच्या पाठीसारखा तो गुळगुळीत होता. तिनं तळहात उलटून पाहिला. तोही तसाच.

"दुखतं का?"

"छे! उलट मऊ लागतं."

तिनं ताईकडे पाहिलं. लहानपणी पायरीवरून पडल्याची खूण ताईच्या हनुवटीवर होती, तीन टाक्यांची. हनुवटी नितळ होती.

"ताई, तुझी खूण?"

"बरं झालं की गं," ताई म्हणाली. तिच्या आवाजातली ती जन्माची खरखरही गेली होती. "चाळीस वर्षं छळलं तिनं मला."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी अहवाल वाचला, चष्मा काढला.

"जडपणा शून्य. जंतू शून्य. वास नाही, रंग नाही. बाई, आजूबाजूच्या तीन वसाहती हेच पाणी मागताहेत. मी तक्रार काय लिहू? पाणी फार चांगलं आहे?"

"लोकांच्या हातावरच्या रेघा जाताहेत साहेब."

"मग त्यांनी डॉक्टरकडे जावं. गेलंय कोणी?"

कोणीच गेलं नव्हतं. ती दारोदार फिरली. सगळ्यांनी तिला प्रेमानं बसवलं, पाणी पुढं केलं. कोणाचं काही म्हणणं नव्हतं. तिनं हात टेकले.

राहता राहिली ताई. तिनं आपल्या घरचं पाणी डबे भरभरून नेऊन दिलं, ते ताईनं कुंड्यांना घातलं. हातापाया पडून तिला दोन दिवस राहायला आणलं, तर घोट घेतल्याबरोबर ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "खडे आहेत गं यात. घसा सोलतोय." दोन दिवस ती तहानलेलीच राहिली आणि तिसऱ्या सकाळी न सांगता निघून गेली.

त्यानंतर तीन आठवडे वरच्यांनी त्या वसाहतीची तपासणी थांबवली. चांगलं पाणी कशाला तपासायचं? ताईच्या फोनवर एकच उत्तर यायचं, "मी मजेत आहे."

चौथ्या मंगळवारी रजा टाकून ती गेली.

वसाहतीत ऊन लख्ख पडलं होतं. माणसं ओट्यांवर बसली होती, ती दिसल्यावर हात हलवत होती. तिनंही हात हलवला, पण नेमका कोणाला, ते तिला सांगता आलं नसतं.

ताईचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात दोन बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या. एकाच चणीच्या. एक पेले विसळत होती, दुसरी पुसत होती.

"ताई," ती म्हणाली.

दोघी वळल्या.

"ये गं," दोघी म्हणाल्या. "पाणी घेतेस?"

शेजारच्या शिक्षिकेचं गरुडासारखं नाक कुठंच नव्हतं. दोन्ही चेहरे सारखेच नितळ, सारखेच मायाळू. एकीच्या डोळ्यांतली काळजी दुसरीच्या डोळ्यांत जशीच्या तशी होती.

भाऊजी टेबलाशी बसले होते. निदान ते भाऊजी असावेत.

"भाऊजी, यातली ताई कोणती?"

त्यांनी एकीकडे पाहिलं. मग दुसरीकडे. मग ते टेबलाकडे बघू लागले.

"दोघीही चांगल्या आहेत," ते म्हणाले.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. विचार करायला वेळ नव्हता, आणि विचार करून कळण्यासारखंही काही नव्हतं. तिनं जवळच्या हाताला धरलं आणि ओढत बाहेर नेलं. त्या बाईनं हात सोडवला नाही. दुसरी दारापर्यंत आली आणि हातातल्या फडक्यासकट तिथंच थांबली.

आता ती बाई तिच्या घरी राहते. तिथलं पाणी ती कुरकुरत पिते, पण पिते. कपड्यांच्या घड्या ताईसारख्याच घालते. दोघी बहिणींच्या लहानपणच्या गोष्टी सांगते, आणि त्या सगळ्या खऱ्या असतात. तिच्या हनुवटीवर खूण परत येईल म्हणून धाकटी बहीण रोज सकाळी चोरून पाहते. अजून काही आलेलं नाही.

रोज संध्याकाळी सहाला फोन वाजतो.

काल तिनं पहिल्यांदाच तो उचलला.

"रागावले नाही हं मी," ताईचा आवाज म्हणाला. "गडबडीत झालं. शेजारच्या बाईंना घेऊन गेलीस. म्हटलं, तुझ्या लक्षात येईलच. मला न्यायला कधी येतेस?"

तिनं मागं वळून पाहिलं. आत ती बाई दिवे लावत होती.

फोनमध्ये, त्या आवाजाच्या मागे, कोणीतरी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तिला म्हणावं," तिकडून ताईचाच आवाज आला, जरा लांबून, "मलाही."