हेमकांताच्या कादंबरीतलं पडेगाव

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सारजाबाईंच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब पडत. थेंब घातले की त्या जरा वेळ डोळे मिटून पडत आणि तेवढ्यात त्यांची लेक रूपा वाचून दाखवी. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून तिनं हेमकांता या नटीच्या आयुष्यावरची जाडजूड कादंबरी आणली होती.

"तीन लग्नं न् सात लफडी! आई, तुमच्या काळात लई मजा व्हती की!"

सारजाबाई हसल्या नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी हीच हेमकांता पडेगावच्या एका बंगल्यात चार महिने लपून राहिली होती. सारजा तिथं स्वयंपाकाला होती, तीही पोटुशी. सारजाचं बाळ तिथंच जन्मलं आणि तिथंच गेलं. चौथ्या दिवशी हेमकांता मोकळी झाली. सारजा घरी परतली ती हेमकांताची मुलगी पदराखाली घेऊन. तीच रूपा. हे त्या दोघींनाच ठाऊक होतं आणि हेमकांता वारून वीस वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी वाचन पडेगावला पोचलं. बंगल्यामागची चिंच आली, वाळ्याचे पडदे आले, रॉकेलचा वास आला. मग रूपानं सपाट आवाजात वाचलं, "'रडू नका बाईसाहेब,' मोलकरीण म्हणाली, 'माझं दूध अजून आटलं नाही.'"

हे वाक्य सारजाबाई तेव्हा बंद दाराआड, एकट्या हेमकांताला बोलल्या होत्या.

"लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलं गं?"

"मला काय ठावं? तू डोळे नको उघडू."

दुसऱ्या दिवशी रूपा शाळेत शिकवायला गेल्यावर त्यांनी शेजारच्या तनुजाला हाक मारली.

"पोरी, पडेगावचं पान काढ बरं."

तनुजानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "आजी, ह्यात पडेगाव नायच. ते चार महिने बाई उटीला व्हती म्हणं."

"आन् बाळ?"

"कसलं बाळ? बाळ बी नाय." तिनं पुस्तक फळीवर ठेवलं.

म्हणजे रूपाला कळलंय. कुठून, कोण जाणे. मनानं रचून वाचतेय, माझ्या तोंडून काढायला. सारजाबाईंनी ठरवलं, आज आपणच सांगायचं. पोर तुटली तर तुटली.

दुपारी रूपा शाळेतून आली, थेंब पडले. वाचन सुरू झालं.

"रूपा, थांब. मला तुला काही सांगायचंय."

वाचन थांबलं नाही. बाळाला गुंडाळलेलं पिवळं लुगडं आलं. टांग्याचा आवाज आला. बोलण्यात रूपाचा हेल नव्हता. स्वच्छ, सावकाश, शहरी मराठी होती; पडेगावच्या बंगल्यात ऐकलेली.

सारजाबाईंनी डोळे उघडले.

पुस्तक फळीवरच होतं.

रूपा खाटेशेजारी बसली होती. डोळे मिटलेले.

"रूपा?"

तिनं दोन्ही हात छातीपाशी आणले, कोपरात वाकवले आणि मांडी हळू हलवू लागली.

"सारजा," ती म्हणाली, "तिला भूक लागली असेल. आण ना इकडे."