बेचक्यातला खडा

रंगीत खडा कधी दिव्याखाली पसंत करू नये. सकाळी अकरा ते दुपारी तीन, उत्तरेची खिडकी, खाली पांढरा कागद आणि ट्यूबलाइट बंद. एवढं पाळलंत तर जळगावात तुम्हाला कोणी फसवणार नाही. माझ्याखेरीज.

आता आपण दिव्यापाशी बसलोय, म्हणून खड्यांच्या पुड्या सोडत नाही. नुसतं सांगतो.

सराफ बाजारामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. खाली हसीबमियाँ बसतात. मी खडे विकतो, ते अंगठीत जडवतात. तेवीस वर्षं हेच चाललंय. माझ्याकडे खड्याबरोबर गोष्ट फुकट मिळते. एक पुष्कराज मी बऱ्हाणपूरच्या बेगमेच्या नथीतून काढलाय, आणि एक गोमेद तापीतल्या मगरीच्या पोटातून. गिऱ्हाईक मान डोलावत असतं, तेवढ्यात हसीबमियाँ जिन्यातून ओरडतात, "शालिग्रामभाऊ, मगरीचं पार्सल आलंय जयपूरहून!"

तर मी कसा माणूस आहे ते तुम्हाला कळलं. ही गोष्टही तसलीच समजा. मीसुद्धा तसं समजायचा प्रयत्न करत असतो.

साखरपुड्याच्या अंगठीचा खडा घ्यायला पोरगी आली की माझा एक ठरलेला खेळ असायचा. खडा मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात धरून बघतात, म्हणजे कातडीवर त्याचा रंग कसा दिसेल ते कळतं. तसा तो धरला की मी म्हणायचो, "आता असाच घेऊन दारापर्यंत जा आणि परत ये. पडला नाही, तर जन्माचा तुझा. पडला, तर तो दुसरीचा."

पोरी हसत, जपून पावलं टाकत जायच्या. बेचक्यातून खडा असा सहजी पडत नसतो. पण तसं चालून आलेली पोरगी दुसरा खडा दाखवा म्हणत नाही. धंद्याची युक्ती, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी सुलक्षणा आली. धुळ्याची. बरोबर तिचा होणारा नवरा विक्रम, रावेरचा, केळीच्या पॅकिंगचं काम करणारा. तिने जमुनिया निवडला. पिकल्या जांभळासारखा, आत उजेड धरून ठेवणारा. मी माझा खेळ सांगितला. सगळ्या हसतात, ही हसली नाही. तिने चपला काढल्या. देवळात चालावं तशी दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली,

"भाऊ, खरंच जन्माचा?"

"खरंच. या खोलीत मी कधी खोटं बोलत नाही."

खालून हसीबमियाँचं खोकणं ऐकू आलं.

तिच्या बोटाचं माप घेतलं. मापाच्या रिंगा आहेत माझ्याकडे, पण साखरपुड्याचं माप मी हळद लावलेल्या दोऱ्यानेच घेतो, लोकांना बरं वाटतं. दोऱ्याला गाठ मारून तो खड्याबरोबर पुडीत ठेवला. अंगठी घडायच्या आत पोरगी तापाने गेली. डेंग्यू. पाच दिवसांत सगळं संपलं. विक्रमने फोन करून सांगितलं. मी पुडी कपाटाच्या आतल्या खणात टाकली. तो खडा दुसऱ्या कोणाला दाखवायला हात धजला नाही.

यंदा मार्चमध्ये विक्रम पुन्हा जिना चढून आला. बरोबर त्याची आत्या बेबाबाई आणि एक बारीकशी मुलगी, दिपमाला. सुलक्षणाची धाकटी बहीण. मोठी गेली तर धाकटी, आपल्याकडे ठरवतात असं. माणसं माहितीतली, पोरगा चांगला, मग कशाला बाहेर बघा.

बेबाबाई बसायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊ, तिनं पसंत केला व्हता तोच दे ना. पडला असन तुह्यापाशी. नवा कायले पाहिजे?"

दिपमाला खिडकीबाहेर बघत होती. बघता बघताच बोलली.

"आत्या, घर तिचं. माणूस तिचा. शालूसुद्धा तिचाच काढून ठेवलाय ट्रंकेत. खडा तरी मना राहू द्या, माझा."

विक्रम स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"घ्या!" बेबाबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "मी काय वाईट सांगतलं का?"

मी विचारलं, "कोणता रंग हवा, बेटा?"

"केळीचा पोगा असतो ना," ती म्हणाली, "गुंडाळलेलं कोवळं पान. उलगडायच्या आदल्या दिवशी जसा दिसतो, तसा."

विक्रमने पहिल्यांदा मान वर केली. "तो मीच दाखवला हिला," तो म्हणाला आणि लाजला. तेवढ्यात त्या दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, त्यात तिसरं कोणी नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, या पोरीला तिचा खडा मिळायलाच पाहिजे.

मी पेरिडॉटची पुडी सोडली. धंद्यातले जुने लोक त्याला जबरजद म्हणतात. तिने चारपाच बाजूला सारले आणि एक उचलला, अगदी पोग्याचा रंग. बेचक्यात धरून हात खिडकीशी नेला.

रंगीत खड्यातून उजेड आरपार जातो आणि कातडीवर रंगाचा एक ठिपका पडतो. लालाचा लाल, हिरव्याचा हिरवा. हे शिकवावं लागत नाही.

तिच्या बोटावरचा ठिपका जांभळा होता.

मी चष्मा पुसला. ट्यूबलाइट बंद होती. बाहेर कुठे जांभळी साडी वाळत नव्हती, तेही पाहिलं. खडा हिरवा, ठिपका जांभळा. आणि खोलीत वास यायला लागला, ओल्या हळदीचा. दोरा नुकता बुडवून काढावा तसा.

दिपमाला माझ्याकडे बघत होती. ओठ हलले, आवाज जेमतेम आला.

"भाऊ... तुम्हालाही दिसतंय?"

मी मान हलवली.

बेबाबाई सुपारी चघळत होत्या. "चांगला आहे की. व्हय म्हण आता, गाडी पकडायची हाये."

आणि इथे माझ्या जिभेने घात केला. घाबरलो की मी जास्त बोलतो. तेवीस वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "चल, दारापर्यंत जा आणि परत ये. पडला नाही तर जन्माचा तुझा, पडला तर दुसरीचा."

ती उठली. दोन पावलं टाकली. खडा पडला.

माझ्या खोलीत त्याआधी कधीच पडला नव्हता. फरशीवर टक् असा आवाज झाला आणि तो घरंगळत कपाटापाशी गेला. त्याच कपाटापाशी. दिपमालाने वाकून तो उचलला, फुंकर मारून पुसला आणि माझ्या पांढऱ्या कागदावर ठेवला.

"पडला तरी हाच," ती म्हणाली.

दोरा मी स्वतः बांधला. बोट काडीसारखं होतं तिचं. पाच दिवसांनी विक्रम अंगठी घेऊन धुळ्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. अंगठी सैल होती, बोटात ठरतच नव्हती. हसीबमियाँनी ती दुरुस्त केली. पुन्हा सैल. तेव्हा ते खडे जडवायचं सोडून वर आले. हे कधी होत नाही. त्यांनी दोरा माझ्यासमोर ठेवला.

"शालिग्रामभाऊ, मस्करी बंद करा. तुम्ही दिला त्याच धाग्यावर बनवली. चाळीस वर्षांत माझं माप चुकलं नाही."

मी आतल्या खणातली जुनी पुडी काढली. त्यातला सुलक्षणाचा दोरा या दोऱ्याजवळ ठेवला. दोन्ही दोरे सारखे होते, एका बोटाचे. दिपमालाच्या वेळी माझी हळद संपली होती, मी साधा पांढरा दोरा बांधला होता. तोही आता पिवळा दिसत होता.

हसीबमियाँनी दोन्हीकडे पाहिलं. नंतर विक्रमबरोबर रिंगा धुळ्याला धाडून माप मागवलं आणि त्यावर, काडीएवढ्या बोटाची, तिसऱ्यांदा अंगठी केली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दिपमाला एकटीच धुळ्याहून एसटीने आली. दुपारचे अडीच वाजले होते, खिडकीतला उजेड सरायला लागला होता. तिने अंगठी घातली, हात खाली सोडला. अंगठी घसरून कागदावर पडली.

"आतून दोरा गुंडाळू का, बेटा? उद्यापुरता?"

"तिनाच दोरा ना? ताईचाच?" ती म्हणाली. मग डोळे पुसून नीट बोलली. "उद्या सगळ्यांसमोर पडेल, भाऊ. आत्या म्हणतील, बघा, तिलाच मान्य नाही. मग तो जांभळा येईल. आणि एकदा तो घातला की मी कोण, हे कोणी विचारणार नाही. विक्रमसुद्धा नाही. त्याला वाईट वाटेल, पण तोही नाही."

मी कागदावरची अंगठी उचलून तिच्यापुढे सरकवली.

मग ती हलक्या आवाजात सांगायला लागली.

"दवाखान्यात मी होते ताईजवळ. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. पण डाव्या हाताची ही दोन बोटं... अशी एकमेकांना घट्ट मिटलेली. सिस्टरनी सोडवायला पाहिलं, मी पाहिलं. हात लावला की म्हणायची, 'पडी जाई वं, माला... पडी जाई.' माला म्हणजे मी, ताई एकटीच तशी हाक मारायची. काय पडेल, कोणालाच कळेना. नेलं तेव्हाही बोटं मिटलेलीच होती." ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही मला चालायला लावलंत, तेव्हा कळलं."

काय सांगू तुम्हाला. आयुष्यभर शेकडो थापा मारल्या, एकीचंही ओझं झालं नव्हतं. त्या दुपारी सगळं एकदम छातीवर आलं. माझ्या एका थापेपायी एक पोर मरताना बोटं मिटून होती. आणि अजूनही...

मी कपाटातून सुलक्षणाची पुडी काढली. न सोडता पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात ठेवली. हळदीचा वास इतका दाट झाला की घशाशी आला. दाराजवळ कोणी नव्हतं. पण दार उघडं असूनही तिथली हवा थांबल्यासारखी वाटत होती. मी तिकडे तोंड करून बोललो. कुजबुजलोच.

"सुलक्षणा बेटा... मी खोटं बोललो. जन्माचा वगैरे काही नसतं. मी सगळ्याच पोरींना तसं सांगतो. पडला तरी काही होत नाही गं... दोन वर्षं झाली. बोटं दुखली असतील. सोड आता."

कितीतरी वेळ काही झालं नाही. गल्लीत कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. खाली हसीबमियाँची ठोकठोक थांबली होती.

मग दाराजवळच्या फरशीवर आवाज आला.

टक्.

आणि काहीतरी बारीक घरंगळत गेल्याचा. मग तोही थांबला.

दिपमालाने तोंडावर पदर धरला. "सोडला..." ती म्हणाली. "ताईने सोडला." आणि लहान पोरीसारखी रडली. बहिणीच्या मरणाचं रडणं तिचं तेव्हा झालं असावं. आधी तिला कोणी रडू दिलं नसेल, सरळ तिच्या जागी उभी केली ना.

रडून झाल्यावर तिने अंगठी घातली. घट्ट नाही, सैल नाही. हात झटकला तरी जागची हलली नाही. बोटावर हिरवा ठिपका पडला होता.

ती गेल्यावर मी पुडी सोडली. आत दोरा होता, गाठीसकट. खडा नव्हता. खोलीचा कोपरान्‌कोपरा झाडला. हसीबमियाँनी तो केर त्यांच्या चाळणीतून दोनदा चाळला, जसा ते सोन्याच्या कणांसाठी चाळतात. काही मिळालं नाही. त्यांनी मला एकच विचारलं, "भाऊ, ही पण थाप ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून जिन्यातून ओरडायचे बंद झाले.

साखरपुडा व्यवस्थित झाला. मे महिन्यात लग्न झालं. शालूसुद्धा नवा घेतला म्हणे, विक्रमने हट्ट करून. मी खेळ सोडला. आता पोरी येतात, खडा बघतात, घेऊन जातात. धंदा थोडा मंदावलाय.

परवा विक्रमचा फोन आला.

"भाऊ, अंगठी एकदम बरोबर बसलीये. सगळे नावाजतात."

"मग छानच झालं की."

"हो... एक विचारायचं होतं. तुम्ही इतकी वर्षं बायकांच्या हातांचं बघता म्हणून." तो अडखळला. "महिना झाला, ती डाव्या हाताची दोन बोटं मिटूनच ठेवते. मधलं आणि अंगठीचं. भाकरी थापते तरी तशीच. झोपेतही. भुसावळला डॉक्टरला दाखवलं, नस वगैरे ठीक आहे म्हणतात. मी सोडवायला गेलो की घाबरते. आणि म्हणते..."

"विक्रम," मी म्हटलं, "नको सांगूस."

तो थांबला. पण फोनमध्ये मागून, त्यांच्या घरातून, कोणीतरी बाईच्या आवाजात ते दोन शब्द म्हणालंच. अगदी सांभाळून, हलू न देता म्हणावेत तसे.

दिपमालाच असणार. फक्त आवाज ओळखीचा वाटला, दोन वर्षांपूर्वी माझ्या दाराशी वळून बोललेल्या पोरीसारखा, आणि शेवटी तिने हाक मारली ती 'माला' अशी.